मैना कशाला बुजली

पनवेल
नवरात्र, सातवी माळ

प्रिय अहो,

नाव घेऊन तुम्हाला हाक कधी मारली नाही. आता तुम्ही गेल्यावर मारायला लागले तर तुम्हीच दचकाल. तेव्हा अहोच.

पत्र लिहायचं कारण असं, की आज दुपारी मैनाला न्यायला आलेला टेम्पो मी रिकामा परत पाठवला. उद्या सकाळपर्यंत ही बातमी केदारच्या आणि आपल्या सोसायटीतल्या चार जणांच्या तोंडी असेल, आणि प्रत्येकजण ती आपापल्या पद्धतीने सांगेल. घोडी तुमची. तुम्ही ती हकिगत आधी माझ्याकडून ऐकावी.

मे महिन्यात शिरढोणकडच्या त्या कच्च्या रस्त्यावर मैना बुजली, तुम्ही पडलात आणि खुबा मोडला. ऑपरेशन नीट झालं. वॉकर धरून तुम्ही वॉर्डात चकरा मारल्यात, नर्सला म्हणालात, बरा झालो की तुला घोड्यावर बसायला शिकवतो. आणि घरी सोडायच्या आदल्या संध्याकाळी फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकली. डॉक्टरांनी मला सगळं समजावून सांगितलं आणि मला ते समजलं. जे समजलं नाही ते डॉक्टरांना विचारण्यासारखं नव्हतं. रोजचा रस्ता, रोजची वेळ, रोजचा माणूस पाठीवर. मग ती बुजली कशाला?

हा प्रश्न मी ज्याला विचारला त्याने लगेच उत्तर दिलं. बाई एकटी राहिली की तिला उत्तरं फार पटकन मिळायला लागतात.

आपला केदार म्हणाला, "आई, बाबा चौसष्टचे होते. त्या वयात घोडा शिकतं का कोणी? ती नाही बुजली तरी ते कधीतरी पडलेच असते."

तबेल्याचा मालक इरफान म्हणाला, "भाभी, विमान. दुसरं काही नाही. विमानतळ चालू झाल्यापासून माझे सगळे जनावर बेचैन आहेत."

आणि अक्का, तुमच्या सख्ख्या थोरल्या बहीण, तेराव्याच्या दिवशी भरल्या घरात म्हणाल्या, "मी मोहनला सांगितलं होतं. कपाळावर एकाखाली एक दोन भोवरे. असली घोडी धन्याला खाते. खाल्लं, आता शांत झाली." मग पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "दसऱ्याच्या आत ती अपशकुनी घोडी गेली पाहिजे."

जमलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मी डोलावली नाही. तुम्हाला ठाऊक आहे, तळोज्याच्या औषध कारखान्यातल्या प्रयोगशाळेत माझी सगळी नोकरी झाली. तिथे बॅच बिघडली तर कारणाच्या जागी 'नशीब' लिहून सही करता येत नाही. विमान, वय आणि भोवरे हीसुद्धा माझ्या मते तीन प्रकारची नशिबंच होती.

शिवाय तो शब्द. अपशकुनी. घोडीला तसं म्हणणाऱ्या तोंडाला माझ्यापर्यंत यायला किती वेळ लागतो? या नवरात्रात खालच्या मजल्यावरच्या हळदीकुंकवाला मला बोलावलं नाही. "तुम्हाला उगाच दगदग नको," असं लिफ्टमध्ये सांगितलं, अगदी गोड आवाजात. तेव्हा मैनाच्या वतीने भांडताना मी थोडी माझ्याही वतीने भांडत होते. ते मी लपवणार नाही.

खरं तर घोडा हा विषय मला कधी आवडला नव्हता. बंदरातल्या क्रेन सांभाळण्यात आयुष्य काढलेला माणूस निवृत्त झाल्यावर एके दिवशी इरफानच्या तबेल्यात जातो काय आणि नव्या टॉवरमधल्या शाळकरी मुलांच्या रांगेत उभा राहून घोड्यावर बसायला शिकतो काय. मी म्हटलं होतं, निवृत्त झालेली माणसं बाग करतात. तुम्ही म्हणालात, बागेला पाय नसतात. वर्षभरात मैना विकत घेऊन मोकळे झालात, आणि मला सांगितलंत ते घेतल्यावर.

घेतलीत तीही वरातीतली घोडी. बँड, फटाके, जनरेटरचे दिवे, पाठीवर घाबरलेला नवरा मुलगा, पुढे नाचणारे त्याचे मित्र, हे सगळं वर्षानुवर्षं सोसलेली. ती विमानाला भिणार? मला पटेना.

म्हणून पावसाळा उलगडून रस्ता वाळल्यावर मी तबेल्यात जायला लागले. प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन कुंपणापाशी बसायचे. इरफानला ते विचित्र वाटलं. आजोबांपासून त्याच्या घरात घोडे. ते पनवेलात टांगा चालवायचे. त्याने आजवर खूप हौशी माणसं पाहिली असतील, पण घोड्याची चौकशी बसवणारी बाई पाहिली नव्हती.

"भाभी, इथं बसून काय कळणार? जनावर आहे, बोलणार थोडंच?"

"बोलू नको दे. मी बघते."

विमान आलं. इतकं खाली, की चाकं दिसत होती. बाकीच्या घोड्यांनी कान टवकारले. मैनाने चाऱ्यातून तोंडसुद्धा वर काढलं नाही. असं पुन्हा पुन्हा पाहिलं, तेव्हा विमान माझ्यापुरतं संपलं.

मग ती जागा. गोदामाच्या निळ्या पत्र्यांचं कुंपण आहे ना, तिथलं डावीकडचं वळण. इरफान म्हणाला, मी नेतो. मी म्हटलं, मी नेणार. म्होरकी धरून मी पहिल्यांदाच तिच्या शेजारून चालले. केवढं मोठं जनावर आहे हो! तिचा श्वास मनगटावर गरम लागत होता आणि मी ताठ चालत होते, कारण घाबरलेली दिसायचं नव्हतं. वळणावर ती थांबली. मीही श्वास धरला. तिने पत्र्याखालून वाढलेलं गवत उपटलं आणि चघळत उभी राहिली. मागून डंपर गेला, मी छत्री उघडून मिटली, तिला त्याचं काही नव्हतं. ज्या जागेला मी सगळा पावसाळाभर मनात शिव्या दिल्या, तिथे तिला फक्त गवत दिसलं.

मग इरफान तिच्यावर बसला. तोच रस्ता, तीच वेळ. काही नाही. आता मला भीती वाटायला लागली. जागेचा दोष नाही, आवाजाचा नाही, दुसरा माणूस बसला की नीट चालते. म्हणजे दोष तुमचाच? केदारचं उत्तर बरोबर ठरायला लागलं होतं. मी इरफानला विचारून टाकलं, "खरं सांगा. साहेब वाईट बसायचे का?"

तो हसला. "पोट थोडं ढिलं सोडायचे, भाभी. पण हात हलका होता. माझ्या इथं शिकून गेलेल्या लोकांत तसा हात दुसऱ्या कुणाचा नाही. लगाम हातात आहे की नाही, घोडीला पत्ता लागायचा नाही."

हे तुम्हाला कोणी तोंडावर सांगितलं होतं का? नसेल तर आता मी सांगते आहे. तुमचा हात हलका होता.

या आठवड्यात कर्जतकडचा एक माणूस मैनाला बघायला आला. केदारनेच पाठवला होता. त्याच्या रिसॉर्टवर पाहुण्यांना फिरवायला घोडी हवी होती. गिऱ्हाईक आलं म्हणून इरफानने तिला खरारा केला, चकचकीत केलं आणि तबेल्यातला जुना लगाम बाजूला ठेवून तुमचा तो भारी चामड्याचा लगाम चढवला. पहिल्या दिवशी त्या माणसाने सकाळी थोडं फिरवून पाहिलं, ठीक गेलं. दुसऱ्या दिवशी तो उशिरा आला. ऊन तापलं होतं, मैना घामाने भिजली होती. परत येताना फाटकापाशी त्याने तिला डावीकडे वळवलं आणि ती जी आडवी उडाली! तो मानेला मिठी मारून कसाबसा वर राहिला.

मी खुर्चीवरच होते. वर विमान नव्हतं, ते वळण नव्हतं आणि पाठीवर तुम्हीही नव्हता.

तो माणूस उतरला, शर्ट झटकला आणि म्हणाला, "ही घोडी येडी आहे. फुकट दिली तरी नको." आणि गेला. त्याच संध्याकाळी केदारने फोनवर ठरवून टाकलं. "आई, तिच्यावर बसायला कोणी धजत नसेल तर वीटभट्टीवर गाडी ओढेल. माणूस मिळालाय, टेम्पो पाठवतो. आता हा विषय बंद कर."

भट्टीवर घोडी किती टिकते हे मी इरफानला विचारलं. तो दुसरीकडे बघायला लागला.

मी त्याला म्हटलं, "इतके दिवस तुम्ही बसत होतात तेव्हा लगाम कोणता होता?"

"माझा. तबेल्यातला."

"आणि काल?"

"साहेबांचा." मग त्याच्या लक्षात आलं. "पण भाभी, तो तर एक नंबर लगाम आहे. साहेब स्वतः तेल द्यायचे, स्वतः घालायचे. आम्हाला हात लावायची परवानगी नव्हती."

"तो घातला की ती काही वेगळं करते?"

"डोकं वर करते. कान धरू देत नाही. पण ते होळीपासूनच आहे. साहेब कानामागे खोबरेल लावायचे. म्हणायचे, उष्णता झालीय."

डाव्या कानामागे, आयाळ सुरू होते तिथले केस मी बाजूला केले. रुपयाच्या नाण्याएवढा डाग. केस गेलेले, कातडी काळपट आणि चकचकीत, आणि मधे ताजं लाल सोललेलं. बोट जवळ नेलं तर तिने सगळं अंग आक्रसून घेतलं.

तो काळेपणा माझ्या ओळखीचा होता. लहानपणी माझ्या टाचेत काटा मोडला म्हणून आईने बिब्बा तापवून लावला होता आणि तो उतला होता. फोड येऊन पाय असा सुजला की कितीतरी दिवस मला शाळेत उचलून नेत होते. पुढे रसायनशास्त्र शिकताना बिब्ब्याच्या तेलात काय असतं ते कळलं, पण टाचेला ते आधीच माहीत होतं.

लगाम उलटा केला. कानामागून जाणाऱ्या पट्ट्याच्या आतल्या बाजूला काळी चिकटपट्टी होती, सुबक गुंडाळलेली, कडा दाबून बसवलेल्या. ते काम कोणाचं हे मला इरफानला विचारावं लागलं नाही. आपल्या घरातला मिक्सर, माझा चष्मा, देवघराची घंटा, सगळं त्याच काळ्या पट्टीने दुरुस्त झालेलं आहे. ब्लेडने ती कापली. आत पुसायच्या मऊ शामी कापडाची घडी, तेलाने काळी पडलेली. तिच्या आत काळ्या दोऱ्यात ओवलेला बिब्बा, भोक पाडलेला, त्या भोकातून पाझरून चपटा झालेला. मी तो कागदावर घेतला.

"या अल्ला," इरफान म्हणाला. "हे कुणी घातलं आत?"

"साहेबांनी," मी म्हटलं.

गेला दसरा आठवतो ना? मैनाला झेंडूची माळ घातली होती. अक्का रिक्षा करून आल्या, तिचे भोवरे पाहिले, आणि पिशवीतून काळ्या दोऱ्यातला बिब्बा काढून लगामाच्या पुढच्या पट्ट्याला बांधला, कपाळावर लोंबेल असा. नजर लागू नये, भोवऱ्यांचं बळ चालू नये म्हणून. तबेल्यातली मुलं ते पाहून फिदीफिदी हसत होती. घरी येताना मी गाडीत विचारलं, तो बिब्बा तसाच ठेवणार आहात का? तुम्ही म्हणालात, "काढला तर अक्काला वाईट वाटेल. ठेवला तर पोरं हसतील. करतो काहीतरी."

ते काहीतरी म्हणजे हे होतं. अक्कांचं मन राखायला बिब्बा ठेवला आणि मुलांपासून लपवायला पट्ट्याच्या आत घातलात. थंडीत तेल गोठलेलं होतं, काही झालं नाही. होळीनंतर ऊन तापलं, घामाने ते उतरायला लागलं आणि रोज थोडं थोडं भाजत गेलं. डावीकडे वळायला तुम्ही लगाम जरा ओढलात की तो टणक गोळा बरोबर त्या जखमेवर दाबला जायचा. तुमच्या हलक्या हातानेसुद्धा.

मला किती राग आला म्हणून सांगू? तबेल्यातून घरी येईपर्यंत मी तुमच्याशी मोठ्याने भांडत होते. रिक्षावाला आरशातून बघत होता. आयुष्यभर हेच केलंत. अक्कांनी दिलेलं ते मोराचं घड्याळ! त्या यायच्या दिवशी भिंतीवर, त्या गेल्या की कपाटात, कारण मला ते आवडत नव्हतं. त्यांना म्हणायचात, शैलाला फार आवडलं. मला म्हणायचात, अक्काला काय कळतंय. दोघींनाही खूश ठेवलंत म्हणून स्वतःवर खूश. कोणालाही तोंडावर 'नाही' म्हणायचं एवढं काय भय होतं तुम्हाला? घड्याळ लपवून कोणाचा जीव गेला नाही, म्हणून वाटलं का की कशानेच जात नाही?

आणि जखम दिसत होती तुम्हाला. खोबरेल लावत होतात. क्रेनचं बेअरिंग बिघडलं तर खाली उभं राहून आवाजावरून ओळखणारा माणूस, आणि हे ओळखता आलं नाही?

की आलं होतं? वॉर्डात एका दुपारी तुम्ही म्हणालात, "त्या लगामाचं बघायला पाहिजे." मला वाटलं, तेल द्यायचं राहिलंय म्हणत असाल. हे उत्तर आता कुठून मिळणार नाही. त्याचाही राग आहेच, पण तो मी तुमच्यावर काढणार नाही.

केदारला फोन करून सगळं सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आई, अक्काआत्याला यातलं काही सांगू नकोस. तिला सोसणार नाही. पट्टा लागत होता एवढंच म्हण."

तुमचाच मुलगा. पुन्हा घडी घालून पट्ट्याच्या आत. मी म्हटलं, "आणि त्यांनी विचारलं, घोडी अपशकुनी नव्हती तर मग का पाठवली, तर काय सांगू?" तो म्हणाला, "बघतो मी टेम्पोचं."

काल मी जुन्या पनवेलात अक्कांकडे गेले. त्या घटाची माळ ओवत होत्या.

"टेम्पो आला का?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"उद्या येणार आहे. त्याआधी तुमच्याशी बोलायचंय. सुई बाजूला ठेवा."

मी सगळं सांगितलं. काही गाळलं नाही, काही मऊ केलं नाही. शेवटी कागद उघडून समोर ठेवला. अक्कांनी त्याला हात लावला नाही.

"मी बाहेर बांधला होता, शैला. कपाळावर. लोंबता."

"माहीत आहे. मी तिथेच होते."

"मग आत कोणी घातला?"

"तुमच्या भावाने."

"कशाला पण?"

"तुम्हाला नाही म्हणवेना, आणि मुलांपुढे लाज वाटली."

अक्कांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, केदारचं ऐकायला हवं होतं. मग त्या हळूच म्हणाल्या, "मेला." मेलेल्या माणसाला. "लहानपणी मलेरियाची गोळी जिभेखाली धरून बसायचा. गिळलीस का विचारलं की मान हलवायचा. मी वळले की खिडकीबाहेर. खिडकीखाली गोळ्या सापडल्या तेव्हा आईने मला मारलं, लक्ष ठेवलं नाही म्हणून." आणि मग रडल्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसले. मला असं बसता येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, पण बसले.

थोड्या वेळाने म्हणाल्या, "बांधला मीच ना पण?"

नाही म्हणणं किती सोपं होतं. तुम्ही असतात तर म्हटलं असतंत.

"हो," मी म्हटलं. "तुम्ही बांधलात. त्यांनी लपवला. इरफानने लगाम पाहिला नाही आणि मी तिकडे कधी फिरकले नाही. आपण सगळ्यांनी काही ना काही केलं. तिला फक्त दुखलं."

"आणि भोवरे?"

"भोवरे केस आहेत, अक्का."

"तू फार कडक बोलतेस."

"हो."

त्यांनी डोळे पुसले, माळ पुन्हा हातात घेतली. दोन फुलं ओवली असतील. "मग त्या गरिबाला भट्टीवर कशाला पाठवता?"

"दसऱ्याच्या आत गेली पाहिजे असं तुम्हीच सांगितलं होतंत."

"मी सांगितलं होतं, तर मीच सांगते नको म्हणून. लाव केदारला फोन."

लावला. त्या बोलल्या. तो त्यांना म्हणाला, बघतो. आणि आज दुपारी टेम्पो हजर. त्याला वाटलं असणार की दोन म्हाताऱ्या रात्रीतून विचार बदलतील.

टेम्पोवाला उरणकडचा होता. फळी खाली टाकून तयारच उभा.

"मावशी, घोरी भरायची हाय ना?"

"नाही. ती कुठेही जाणार नाही."

"आवो, पन सायबांनी फोन केलता मना."

"साहेब माझा मुलगा आहे. घोडी माझी आहे."

त्याने इरफानकडे बघितलं. इरफान दावणीच्या गाठी तपासायला लागला.

"मंग मी असाच जाऊ? रिकामा?"

"चहा घेऊन जा."

चहा पिताना तो मैनाकडे निरखून बघत होता. "हीच का ती? मानूस पारला ती?"

"माणूस पडला. तिने पाडला नाही."

"बरं," तो म्हणाला. मग हळूच इरफानला, "मावशी शालंत बाई व्हत्या काय?" मला ऐकू आलं. इरफान म्हणाला, "त्याच्याहून वरचं." मी दोघांकडेही एकदा बघितलं आणि कप आत ठेवले.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगते. माझं उत्तर अजून पक्कं नाही. गुरांच्या डॉक्टरांनी मलम दिलंय. जखम भरायला दिवाळी उलटेल, तोवर तिच्या डोक्याला लगाम लागणार नाही. मग तुमच्याच लगामाला नवा पट्टा लावायचा, भर उन्हात त्याच वळणावर न्यायचं आणि डावीकडे वळवायचं. तेव्हा ती शांत राहिली तर मी छातीठोकपणे सांगेन. बुजली, तर मी चुकले असंही मीच सांगेन आणि पुन्हा खुर्ची टाकून बसेन. पण भट्टीवर ती दोन्ही प्रकारे जाणार नाही. कारण सापडलं नाही म्हणून जनावराला शिक्षा, हा हिशेब मला मान्य नाही.

त्या दिवशी तिच्यावर बसायचं कोणी? इरफान 'मी बसतो' म्हणतोय. पण त्याच्याखाली ती तशीही शांत असते, त्यातून काय सिद्ध होणार? तेव्हा मी बसणार. घाबरू नका. रोज तासभर खुर्चीत बसून कंटाळा आला, म्हणून इरफानच्या म्हाताऱ्या पांढऱ्या घोड्यावर बसायला लागले होते. तो मला घेऊन रिंगणात फिरतो, मी काय सांगते याकडे त्याचं लक्ष नसतं. हाडं तपासून घेतली आहेत. हेल्मेट तुमचंच, मला सैल होतं म्हणून आत स्पंज चिकटवलाय. केदारला परवाच कळलं. "आई, बाबांचं झालं ते पुरे नाही का?" असं म्हणाला. त्याला मी रागावले नाही. त्याला म्हटलं, त्या दिवशी तू ये आणि वळणावर उभा राहा. तो 'बघतो' म्हणाला नाही. "येईन," म्हणाला.

दसऱ्याला अक्कांना घेऊन मी मैनाकडे जाणार आहे. तिला माळ घालायची आणि हळदकुंकू लावायचं. मी तसं म्हटल्यावर अक्का माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या कपाळाला कुंकू लागून किती वर्षं झाली ते तुम्हाला ठाऊक आहे.

"लावणार कोण? तू?"

"आपण दोघी."

मग म्हणाल्या, "देवीपुढचं कुंकू माझ्याकडे आहे. बाजारातलं आणू नकोस, त्यात काय काय मिसळतात." म्हणजे आता त्याही तपासायला लागल्या.

तर अहो, वचन देते ते हे. मैना म्हातारी होऊन मरेल ती इरफानच्या दावणीला, कोणाचं ओझं न ओढता. तिच्या अंगावर यापुढे काही लपवून बांधलं जाणार नाही. आणि जखम भरली की तुम्ही जिथून परत आला नाहीत, त्या वळणावरून मी तिच्यावर बसून परत येईन. तुमची परवानगी यात कुठे मागितलेली नाही. तुम्हीही मैना घेतल्यावरच मला कळवलं होतंत.

तुमची,
शैला